येथे गाणी भरून मिळतील

अकोले गावाहून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत राजूर लागतं. डांगाण या डोंगरी पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांचं हे बाजाराचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं, डांगी जनावरांचं प्रदर्शन इथं, आणि पेढ्यांसाठीही नाव राजूरचंच. साधारण २००८ ते २०१५ या काळात अशा बाजारगावांत एक धंदा जोरात होता. रिचार्ज, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती असं सगळं एकाच गाळ्यात, आणि काचेवर आतून चिकटवलेला कागद: ‘येथे गाणी भरून मिळतील.’

बाजाराच्या दिवशी अशा गाळ्यातलं संभाषण ठरलेलं असे.

‘दादा, दोन जीबीत किती बसतील?’

‘पाचशेक बसतील. लग्नातली टाकू का भक्तिगीतं?’

‘मिक्स टाका. अन् म्हातारीसाठी इंदुरीकरांची दोन-चार कीर्तनं.’

मग फोनची बॅटरी काढायची, तिच्याखालून नखाएवढं मेमरी कार्ड नखानंच सरकवून बाहेर घ्यायचं, प्लास्टिकच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवायचं आणि टेबलावरच्या कार्ड रीडरमध्ये खुपसायचं. रीडरवरचा दिवा लुकलुकला की असेंबल केलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘रिमूव्हेबल डिस्क’ नावाची खिडकी उघडायची. सीडी घालायला नको, ड्रायव्हर शोधायला नको. गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत पाचशे गाणी खिशात.

हे सगळं बिनबोभाट चालत होतं म्हणून त्यामागं काही इतिहास असेल असं कुणाला वाटलं नाही. पण आहे, आणि त्याची सुरुवात एका कुलपापासून होते.

ऑगस्ट १९९९ मध्ये मात्सुशिता (म्हणजे आपली पॅनासॉनिक), तोशिबा आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनी मिळून एक नवं कार्ड जाहीर केलं. नाव ठेवलं सिक्युअर डिजिटल, एसडी. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झालं होतं आणि संगीत कंपन्यांची झोप उडाली होती. एसडी कार्डाच्या पोटात म्हणून नक्कल रोखणारी यंत्रणा घातली गेली. विकत घेतलेलं गाणं त्याच कार्डात राहावं, दुसरीकडे उतरवता येऊ नये, हा हेतू. नावातलं ‘सिक्युअर’ ते हेच. पुढच्या दहा वर्षांत जगभरच्या गल्लीबोळांत फुकट गाणी वाटण्याचं एक मोठं साधन हेच कार्ड ठरलं. ते कुलूप गाण्यांना जवळपास कुणीच लावलं नाही. पण कुलपाच्या निमित्तानं कार्डाचं तपशीलपत्रक गुप्त राहिलं, आणि त्याचा त्रास गाणी चोरणाऱ्यांना न होता ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला उपकरणाशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्यांना झाला.

त्याआधीची स्थितीही फार सोपी नव्हती. १९९४ चं कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ चं स्मार्टमीडिया, १९९७ चं मल्टिमीडिया कार्ड, १९९८ ची सोनीची मेमरी स्टिक. प्रत्येकाचा आकार निराळा, खाच निराळी, बोलण्याची पद्धत निराळी. यांत स्मार्टमीडियाचं प्रकरण बघण्यासारखं आहे, कारण ड्रायव्हरवर किती ओझं पडू शकतं ते त्यात दिसतं. स्मार्टमीडिया म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडीची पट्टी आणि तिच्यात नुसती फ्लॅश चिप. स्वतःचा नियंत्रक नाही. फ्लॅश मेमरीत आधीचं पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही, पुसायचं तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसून पुसून ब्लॉक झिजतात. त्यामुळे कुठला ब्लॉक खराब आहे, कुठला मजकूर सध्या कुठं हलवलाय, याचं खातं कुणीतरी ठेवायलाच हवं. दर १०२४ ब्लॉकांमागे वापरायचे १०००, बाकीचे राखीव. दर ५१२ बाइटांमागे आणखी १६ बाइट, त्यांत पत्ता आणि चुका दुरुस्त करायचे आकडे.

सॅनडिस्कचा एसडीडीआर-०९ नावाचा यूएसबी रीडर हे खातं स्वतः ठेवत नसे, कॉम्प्युटरवर सोडून देई. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर २००० मध्ये रॉबर्ट बारूक यांनी लिहायला घेतला आणि पुढे आंद्रिस ब्रॉवर यांनी वाढवला. आधी कार्ड नुसतं वाचता येत होतं, लिहिण्याची सोय नंतर आली. साहजिकच आहे. वाचताना खातं चुकलं तर एक फोटो बिघडलेला दिसतो. लिहिताना चुकलं तर कार्डातले सगळेच फोटो जातात.

या गोंधळातून वाट काढली ती एका सोंगानं. १९९९ मध्ये यूएसबीच्या संघटनेनं पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या वस्तूंसाठी एक साधा करार नक्की केला. यूएसबीच्या तारेवरून कॉम्प्युटरनं स्कझी डिस्कला द्यायच्या त्याच आज्ञा द्यायच्या. स्कझी हे १९८६ मध्ये प्रमाण ठरलेलं, डिस्क जोडण्याचं जुनं तंत्र. प्रत्येक आज्ञा ३१ बाइटांच्या पाकिटात जाते, उत्तर १३ बाइटांच्या पाकिटात येतं. म्हणजे बहुरूप्यानं दारात पोलिसाचं सोंग घेऊन उभं राहावं तसा हा दोन इंची रीडर ‘मी स्कझी डिस्क आहे’ असं सांगत उभा राहतो. आतल्या बाजूला तो एसडीशी एसडीच्या भाषेत बोलतो, मेमरी स्टिकशी तिच्या भाषेत, आणि कॉम्प्युटरला यातलं काहीच कळू देत नाही. विंडोज ९८ ला यासाठी कंपनीची सीडी लागायची. विंडोज मी आणि २००० पासून हा ड्रायव्हर विंडोजमध्येच आला. राजूरच्या काचेवरच्या कागदाची खरी सोय तिथं झाली.

सोंग घेतलं की ते निभवावं लागतं. चार खाचांचा रीडर जोडला की ‘माय कॉम्प्युटर’मध्ये चार डिस्का दिसत: जी, एच, आय, जे. कार्ड एकच घातलेलं, बाकीच्या तीन रिकाम्या. रिकामीवर क्लिक केलं की ‘प्लीज इन्सर्ट अ डिस्क’. नव्या गिऱ्हाइकाला हा घोळ समजावून सांगता सांगता दुकानदार वैतागत. हा घोळ नव्हता, ड्रायव्हरच्या रचनेचाच भाग होता. रीडर एकच, पण त्याच्या पोटात चार स्वतंत्र एकक, आणि प्रत्येकाला विचारायचं की तुझ्याकडे माध्यम आहे का. लिनक्समध्ये बरीच वर्षं अशा उपकरणाचं पहिलंच एकक तपासलं जाई. बाकीच्यांसाठी कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वेगळा पर्याय निवडून बांधावा लागे. नेमकी एसडीची खाच तिसरी असली की माणूस म्हणायचा, लिनक्सवर रीडर चालत नाही.

आणि विचारायचं म्हणजे सारखं विचारायचं. कार्ड घातल्याची वर्दी यूएसबी रीडर आपणहून देत नाही. तो स्वतः जोडलेलाच असतो, बदलतं ते त्याच्या आतलं कार्ड. म्हणून कॉम्प्युटर दर दोनेक सेकंदांनी विचारत राहतो: तयार आहेस? नाही, माध्यम नाही. तयार आहेस? नाही. तयार आहेस? हो, पण मधे माध्यम बदललंय. हे शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं, कारण ते ऐकल्याबरोबर आधीच्या कार्डाविषयी लक्षात ठेवलेलं सगळं टाकून द्यायचं असतं. ते टाकलं नाही तर पहिल्या गिऱ्हाइकाची यादी दुसऱ्याच्या कार्डावर लिहिली जाईल. लिनक्समध्ये ही विचारपूस आधी कर्नेलच्या बाहेरचा एक प्रोग्राम करत असे. २०११ मध्ये, २.६.३८ या आवृत्तीत, तेजुन हो यांनी ती कर्नेलच्या आत आणली.

हा झाला यूएसबीचा मार्ग. लॅपटॉपच्या कडेला जी खाच असते तिची कथा वेगळी, आणि माझ्या मते जास्त रंजक. तिथं बहुतेकदा बहुरूपी नसतो. लॅपटॉपमधली चिप कार्डाच्या तारा सरळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देते. कार्डाशी बोलायचं ते ड्रायव्हरनंच. आणि बोलण्याची रीत लिहिलेलं तपशीलपत्रक एसडी संघटनेकडे कुलपात. ते वाचायचं तर गुप्ततेच्या करारावर सही करायची. सही केली की स्रोत उघडा ठेवून ड्रायव्हर लिहिता येत नाही. लिनक्स आणि बीएसडीसारख्या मुक्त व्यवस्थांना हा करार मुळातच परवडणारा नव्हता.

थोडी फट होती ती जुन्या मल्टिमीडिया कार्डाची. एसडी त्याच्याच वंशातलं. एआरएम प्रोसेसरवर लिनक्स नेणारे ब्रिटिश प्रोग्रामर रसेल किंग यांनी या कार्डांसाठी कर्नेलमध्ये पाया घातला होता. त्या पायावर इमारत चढवली ती पियर ऑस्मन या स्वीडिश प्रोग्रामरनं. २००५ च्या सुमारास त्यानं विनबाँड कंपनीच्या रीडर चिपसाठी ड्रायव्हर लिहिला. त्या फाइलच्या सुरुवातीलाच त्यानं पुढच्या माणसासाठी इशारा लिहून ठेवलाय. सारांश असा: या चिपच्या फिफोला, म्हणजे मजकूर आत-बाहेर नेणाऱ्या रांगेला, हात लावाल तर जपून, ती दोषांनी भरलेली आहे. रांगेचा आकार सांगणारा रकाना कायम शून्य दाखवतो. रांग अर्धी भरल्याची सूचना यायला हवी ती येत नाही, पूर्ण भरल्यावर किंवा रिकामी झाल्यावरच येते. काही कॉम्प्युटरांवर रिकामी झाल्याची सूचनाही मधूनच हरवते. असल्या टिपांत ड्रायव्हरवाल्यांचं आयुष्य जातं. कंपनीचं पत्रक एक सांगतं, चिप दुसरंच करते, आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं ऑपरेटिंग सिस्टिमला.

दर चिपला असा वेगळा ड्रायव्हर लिहीत बसणं कुणालाच झेपणारं नव्हतं. सुदैवानं एसडी संघटनेनं कॉम्प्युटरकडच्या चिपसाठीही एक प्रमाण ठरवलं होतं, एसडीएचसीआय. ते पाळणारी चिप पीसीआय बसवर आपला वर्ग ०८०५ असा सांगते. तो आकडा दिसला की कंपनी कुठलीही असो, एकच ड्रायव्हर लागू. ऑस्मनचा एसडीएचसीआय ड्रायव्हर जून २००६ च्या लिनक्स २.६.१७ मध्ये आला. त्याच वर्षी उवे श्ट्यूलर यांनी ओपनबीएसडीसाठी स्वतंत्रपणे तसाच ड्रायव्हर लिहिला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या काही चिपा हे प्रमाण पाळत नव्हत्या. त्यांच्यासाठी अ‍ॅलेक्स डुबोव यांनी निराळा ड्रायव्हर उभा केला. मुक्त ड्रायव्हर असे येऊ लागल्यावर एसडी संघटनेनंही तपशीलपत्रकाची ‘सोपी’ आवृत्ती करार न करता वाचायला दिली. त्यातून वगळलं काय? ते कुलूप. जे जवळपास कुणी वापरत नव्हतं, तेच तेवढं शेवटपर्यंत गुप्त.

कार्ड खाचेत गेल्यावर पहिल्या सेकंदात काय घडतं ते जवळून पाहू. वीज जोडली जाते. ड्रायव्हर घड्याळाचे किमान ७४ ठोके नुसते जाऊ देतो, म्हणजे कार्ड भानावर येतं. वेग मुद्दाम कमी, सेकंदाला ४ लाख ठोक्यांच्या आत, कारण समोर कोण आहे ते अजून ठाऊक नाही. मग आज्ञा ०: सगळं विसर, सुरुवातीला ये. मग आज्ञा ८: अमुक व्होल्टेज चालेल का, आणि हा आकडा मला जसाच्या तसा परत सांग. नवं कार्ड आकडा परत करतं. जुनं कार्ड गप्प बसतं, कारण त्याच्या काळात आज्ञा ८ या कामाला नव्हतीच. ड्रायव्हरनं इथं घाबरायचं नाही, गप्प बसणं हेच उत्तर: कार्ड जुनं आहे. मग एक आज्ञा पुन्हा पुन्हा, कार्ड ‘झालो तयार’ म्हणेपर्यंत, जास्तीत जास्त एक सेकंद. मग नाव-गाव विचारायचं: कुणी बनवलं, अनुक्रमांक काय. शेवटी दोघांच्या बोलण्यात वापरायचा छोटा पत्ता. मल्टिमीडिया कार्डाला तो पत्ता कॉम्प्युटर देतो, एसडी कार्ड स्वतःचा स्वतः निवडतं. एवढं झाल्यावर वेग वाढवायचा, २५ किंवा ५० मेगाहर्ट्झ, आणि ५१२ बाइटांचा पहिला ब्लॉक मागायचा.

एसडी कार्डाच्या कडेला असते ती ‘लॉक’ची सरकपट्टी या संभाषणात कुठंच नाही. कार्डाला आपली पट्टी खाली आहे की वर हे माहीतच नसतं. खाचेतला स्विच ते बघतो आणि ड्रायव्हरनं मान ठेवला तरच लिहिणं थांबतं. पट्टी तुटलेल्या अ‍ॅडॅप्टरवर चिकटपट्टी लावून काम भागवणारे दुकानदार हे तत्त्व अनुभवानं शिकले होते.

रिको कंपनीच्या चिपेनं तर नवाच पेच टाकला. तिच्यात एसडीसाठी प्रमाणाबरहुकूम दार होतं आणि शेजारी मल्टिमीडिया कार्डासाठी, म्हणजे एमएमसीसाठी, खासगी दार. साधं एमएमसी कार्ड घातलं की खासगी दार ते पळवून नेई, आणि त्या दाराचा ड्रायव्हर लिनक्सकडे नव्हता. प्रमाण दाराला एमएमसी कार्ड उत्तम समजत होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही. २००७ मध्ये फिलिप लँगडेल यांनी यावर जो ड्रायव्हर लिहिला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत गमतीचा वाटतो. त्याचं काम एकच: खासगी दार बंद करणं.

लँगडेल यांचंच दुसरं काम जास्त दूरवर पोचलं. २००६ मध्ये एसडीएचसी कार्डं आली, २ जीबीच्या पुढची, ३२ जीबीपर्यंतची. जुन्या कार्डात पत्ता बाइटमध्ये मोजला जाई. पत्त्याला ३२ बिट, म्हणजे ४ जीबीच्या पलीकडे पत्ताच लिहिता येत नाही. नव्या कार्डांनी पत्ता ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये मोजायला सुरुवात केली. बदल दिसायला छोटा, पण ज्या ड्रायव्हरला तो माहीत नाही त्यानं हजारावा ब्लॉक मागताना ५,१२,००० हा आकडा पाठवला तर भलतीच जागा उघडणार. म्हणून कार्डं सावध केलेली होती. ‘मला मोठी कार्डं कळतात’ असं कॉम्प्युटरनं आधी सांगितलं नाही, तर एसडीएचसी कार्ड कधी तयारच होत नाही.

आता हे कुणी शिकायचं? लॅपटॉपच्या खाचेत ड्रायव्हरनं. लिनक्समध्ये लँगडेल यांनी ती भर घातली, मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीसाठी वेगळी दुरुस्ती काढली. सॉफ्टवेअर बदललं, जुनी चिप नव्या कार्डाशी बोलू लागली. यूएसबी रीडरमध्ये मात्र बोलणारा तो बहुरूपी, आणि त्याचं शिक्षण कारखान्यातच संपलेलं. ४ जीबीचं कार्ड घातलं की त्याचं एकच उत्तर: माध्यम नाही. विंडोज नवं टाका, अँटिव्हायरस काढा, काही उपयोग नाही. नवा रीडर आणणं एवढाच इलाज. ज्या सोयीनं ड्रायव्हरची सीडी वाचवली होती, तिनंच ड्रायव्हरच्या हातून दुरुस्ती काढून घेतली होती. पुष्कळ नोकिया फोनांनाही २ जीबीच्या वरचं कार्ड चालत नसे, म्हणून खेड्यांतल्या दुकानांत २ जीबीची कार्डं शहरापेक्षा जास्त काळ टिकून राहिली.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना खरा घोर असतो तो घालण्याचा नाही, उपसण्याचा. कॉम्प्युटरमधली बाकीची डिस्क स्क्रूनं बसवलेली असते. कार्ड मात्र कुठल्याही क्षणी, लिहिता लिहिता, गिऱ्हाइकाची एसटी लागली म्हणून उपसलं जातं. म्हणून विंडोज काढण्याजोग्या डिस्कसाठी लिहिण्याचं काम साठवून ठेवत नाही, जमेल तेवढं लगेच उरकतं. आज्ञा पोचली म्हणजे काम झालं असंही नाही. मजकूर घेतल्यावर कार्ड एक तार खाली ओढून धरतं: थांबा, लिहितोय. तार सुटेपर्यंत ड्रायव्हरनं वाट बघायची. तेवढ्यात वीज गेली तर लिहीत होतो ते गाणं जातंच, पण कार्डाच्या आतला नियंत्रक त्याच वेळी जुना मजकूर इकडून तिकडे हलवत असेल तर लग्नाचे फोटोही जातात. सह्याद्रीच्या कडेच्या या गावांत पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. पडद्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असा प्रश्न आला की दुकानदाराचा चेहरा पडायचा.

लॅपटॉप झोपवल्यावरचा पेच आणखी अवघड. खाचेत कार्ड आहे, लॅपटॉप मिटला, तासाभरानं उघडला. मधल्या काळात कुणी कार्ड बदललं का? अनुक्रमांक पडताळता येतो. पण तेच कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं, चार फोटो काढले आणि परत खाचेत ठेवलं असेल तर? अनुक्रमांक तोच, आतलं खातं वेगळं. लिनक्समध्ये लॅपटॉप झोपला की कार्ड गेलं असंच धरत. तसं धरायचं नसेल तर एक पर्याय होता, आणि त्याच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातलेला होता. जबाबदारी निवडणाऱ्याची.

एकच प्रमाण, एकच ड्रायव्हर, हे स्वप्नही पुरतं खरं झालं नाही. प्रमाण पाळतो म्हणणाऱ्या प्रत्येक चिपेची काही ना काही खोड निघाली. कुणाचं कार्ड ओळखणं बिघडलेलं, कुणाची वेळेची मोजणी चुकीची, कुणाला कार्ड नसताना रीसेट केलं तर राग. ऑस्मनच्या ड्रायव्हरमध्ये या खोडी एकेका बिटानं नोंदवायची सोय होती, एकूण ३२ बिटांची. ती पुरली नाही. दुसरी ३२ बिटांची यादी जोडावी लागली.

ज्या एका खोडीवर ड्रायव्हरकडे इलाज नाही ती म्हणजे खोटं बोलणारं कार्ड. कार्डाची क्षमता कार्डच सांगतं आणि ड्रायव्हर ती मान्य करतो. दुसरा मार्गच नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बर्गच्या एका परिषदेत अँड्रयू ‘बनी’ ह्वांग आणि शॉन क्रॉस यांनी दाखवून दिलं की प्रत्येक कार्डात एक छोटा प्रोसेसर असतो आणि काही कार्डांत त्याचा प्रोग्राम बदलता येतो. ४ जीबीचं कार्ड ३२ म्हणून खपवणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून बघणं एवढीच त्याची परीक्षा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि गाणी भरून घेण्याची गरज दोन-तीन वर्षांत उरली नाही. काचेवरचे कागद निघाले, त्या जागी क्यूआर कोड आले. पण ज्या स्वस्त फोनांनी हा धंदा बंद पाडला त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात जी मेमरी डकवलेली असते ती ईएमएमसी, म्हणजे १९९७ च्या मल्टिमीडिया कार्डाचीच वंशज, आणि अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्समध्ये ती चालवणारा कोड तोच, किंग आणि ऑस्मन यांनी पाया घातलेला. फरक म्हटला तर त्यात एक बिट जास्त लावलेला असतो: हे कार्ड काढता येत नाही, तेव्हा आहे का गेलं असं सारखं विचारत बसू नका.